बिनटायटलचं

हेर्नेसान्द,
शुक्रवार, १२ जानेवारी १९६८

मानाचे संगीत-डायरेक्टर होल्गेर रूसेनलिंद यांस,

संगीत-डायरेक्टरांना आणि एल्विराताईंना नवं वर्ष सुखाचं जावो. ईस्तादला अजून नुसता चिखल आणि पाऊस आहे असं रेडिओवर ऐकलं. इकडे समुद्र बंदरापर्यंत गोठलाय आणि निम्मं गाव बर्फाला भोकं पाडून गळ टाकून बसलंय. मासे लागत नाहीत. पण बायकोपासून लांब बसायला मिळतं, तेवढ्यासाठी लोक बसतात. माझी तब्येत ठीक. उजवा गुडघा सोडला तर तक्रार नाही, आणि गुडघ्याची तक्रार ऐकायला घरात कुणी नाही, त्यामुळे तीही नाहीच म्हणायची.

एल्विराताईंचं कार्ड मिळालं. अक्षर फार सुरेख आहे त्यांचं. संगीत-डायरेक्टरांच्या नव्या क्वार्टेटचे व्हायोलाचे, म्हणजे माझ्या वाद्याचे, कागद माझ्याकडे राहिलेत ते परत पाठवावेत, चारही वाद्यांचे कागद एकत्र बांधून माळ्यावर ठेवायचे आहेत, असं त्यांनी लिहिलंय. बरोबर आहे. कागद माझ्याकडेच आहेत. पाठवतो. फक्त मधे घालायला चांगला जाड पुठ्ठा मिळायला हवा. टपालात कोपरे दुमडतात.

आता इकडच्या बातम्या. गुरुवार चालू आहेत. तिघंच जमतो. दाग्नीबाई पोस्ट बंद करून थेट येतात, दुसरं व्हायोलिन आणि थंडीनं लाल झालेलं नाक घेऊन. जनावरांचा डॉक्टर हादार चेलो घेऊन येतो आणि अंगाला गोठ्याचा वास. वाटाण्याचं सूप होतं, पॅनकेक होतात, गरम पुंचचे प्याले होतात. वाजवणं मात्र तिघांचं फारसं जमत नाही. तिघांसाठी लिहिलेलं संगीत आणलं होतं. पण आम्हाला चौघांची सवय. दर थोड्या वेळानं तिघंही थांबतो, आणि मग प्रत्येकाला वाटतं दुसराच चुकला. मोकळ्या खुर्चीवर हादार आपला ओव्हरकोट टाकतो. मी त्याला दोनदा सांगितलं, तिथं टाकू नकोस म्हणून. "मग कुठं टाकू, तुझ्या डोक्यावर?" म्हणाला.

महत्त्वाचं हे की ३ एप्रिलचा कार्यक्रम ठरला. संगीतकार बेरवाल्ड जाऊन त्या दिवशी शंभर वर्षं होतात. स्टॉकहोमवाले मोठमोठे ऑर्केस्ट्रा लावतीलच. पण तो मनुष्य पन्नाशी उलटल्यावर राजधानी सोडून आपल्या नदीवर, सान्डोच्या काचकारखान्यात कारभारी म्हणून राहिला, हे तिथं कोण सांगणार? त्याच्या सिंफन्यांतली त्याच्या हयातीत एखादीच वाजली; बाटल्या मात्र विकल्या गेल्या असतील, असं मला एक धंदेवाला म्हणून उगाच वाटतं. तेव्हा आपल्या संगीत मंडळानं ठरवलं: पूर्वार्धात बेरवाल्डचं क्वार्टेट, उत्तरार्धात होल्गेर रूसेनलिंद यांचं नवं क्वार्टेट, प्रथमच. अध्यक्षांनी विचारलं, छापायला देऊ का? मी म्हटलं, द्या.

हे मी संगीत-डायरेक्टरांना न विचारता केलं. एखादं गाव आपल्या माणसाचं संगीत बेरवाल्डशेजारी ठेवतं, तेव्हा त्या माणसाला विचारत बसायचं नसतं, असं माझं मत पडलं.

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारविषयी दोन शब्द लिहितो, कारण न लिहिणं जास्त अवघड होईल. संगीत-डायरेक्टरांनी नवे कागद वाटले. पहिले दोन भाग आम्ही धडपडत का होईना वाजवले. मग तिसरा. बाकी सगळ्या भागांवर नेहमीसारखे इटालियन शब्द, आणि तिसऱ्यावर तेवढं आपल्या साध्या स्वीडिशमध्ये: 'बिनटायटलचं'. संगीत-डायरेक्टर गज खाली ठेवून म्हणाले, "हा भाग बिनटायटलचा आहे. सुरुवात व्हायोला करेल." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी काय म्हणालो ते सगळ्यांनीच ऐकलं. "टायटलशिवाय? माझ्या कारखान्यातून साधं फळीचं दारसुद्धा चिठ्ठी चिकटवल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही! बेरवाल्डनंसुद्धा आपल्या सिंफन्यांना नावं दिली होती. द्या काहीतरी टायटल. 'ओंडक्यांची संध्याकाळ' म्हणा." त्यावर हादार, "'वाटाण्याचं सूप, मंद लयीत'!" आणि आम्ही दोघं हसलो. दाग्नीबाई हसल्या नाहीत, पण त्या दिवसभर लोकांची टपालं बघतात, त्यांना सहज हसू येत नाही, असं मला वाटलं.

संगीत-डायरेक्टरांनी व्हायोलिनवरची राळ पुसली. पेटी बंद केली. म्हणाले, "डायरेक्टर म्हणतात ते योग्यच असेल. टायटल पाहिजेच." आणि पॅनकेक यायच्या आधी निघून गेले. या घरातून आजवर पॅनकेकच्या आधी कुणी गेलेलं नाही. माझी एबा असती तर दारापर्यंत धावत गेली असती. मला वाटलं डोकं दुखत असेल. नाताळाच्या आधी कळलं की खोली सोडून ते बहिणीकडे, एल्विराताईंकडे, गेले, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.

एवढं लागण्यासारखं त्यात काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही. माझे कान तसे बरे आहेत. फळीवर टिचकी मारून मी सांगतो आत गाठ आहे की नाही. बाजारात कोण कुणाबद्दल काय कुजबुजलं ते मला रस्त्याच्या पलीकडून ऐकू येतं; या कानांच्या जिवावरच मी ओंडके ढकलणाऱ्या पोराचा कारखानदार झालो. पण संगीत रचणाऱ्याला त्याच्या रचनेचं नाव इतकं नाजूक असतं, हे माहीत नव्हतं. नाव नको तर नको. पत्रिकेवर बिनटायटलचंच छापू.

तेव्हा मार्चच्या मध्यापर्यंत संगीत-डायरेक्टरांनी यावं. खोलीची व्यवस्था माझ्याकडे आहे.

आपला नम्र,
अ. ब्रेनलुंद
डायरेक्टर, ब्रेनलुंद दारे-खिडक्या कारखाना


हेर्नेसान्द,
शुक्रवार, १६ फेब्रुवारी १९६८

मानाचे संगीत-डायरेक्टर यांस,

थंडी उतरतेय, छपरांवरून बर्फाचे सुळे पडू लागलेत, लोक भिंतीपासून हातभर अंतर राखून चालतात. संगीत-डायरेक्टरांचा खोकला कमी असेल अशी आशा. खोकल्याचं एल्विराताईंनी दुसऱ्या कार्डात लिहिलंय. बाकी कार्डात एवढंच, की व्हायोलाचे कागद अजून पोचलेले नाहीत.

पुठ्ठा मिळाला नाही. दारांचा कारखाना असलेल्या माणसाला पुठ्ठा मिळत नाही हे मला वाचतानाच हास्यास्पद वाटलं, पण लिहिलंय ते खोडत नाही.

कारखान्यात गंमत झाली. स्टॉकहोमच्या एका मोठ्या सरकारी खात्याच्या साहेबानं गेल्या वर्षी रुजू झाल्या दिवशीच जाहीर केलं, की मी शिपायापासून सगळ्यांना 'तू' म्हणणार आणि सगळ्यांनी मला 'तू' म्हणायचं. ते वारं आता वर आलंय. बँकेतला परवाचा पोरगा मला म्हणाला, "तुला पैसे सुटे हवेत का?" मी मागं वळून पाहिलं, माझा एखादा नातू येऊन उभा राहिलाय की काय. सप्टेंबरात एका पहाटे अख्ख्या देशानं गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूला नेल्या. आता जिभांचीही बाजू बदलायची आहे म्हणे.

तर आमच्या कामगारांनी सभा मागितली. जेवणघरात सगळे जमले. संघटनेचा माणूस उभा राहिला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "डायरेक्टरांची हरकत नसेल तर आजपासून आपण टायटलं बाजूला ठेवू."

मी म्हटलं, माझी काय हरकत? पण रीत आहे, विचारायचं थोरल्यानं असतं. इथं वयानं सगळ्यात मोठा कोण?

लेथवरचा म्हातारा विताल उभा राहिला. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, नदीवर आम्ही एकाच ओंडक्यावर उभे राहिलेले आहोत. म्हणाला, "ब्रेनलुंद, इतकी वर्षं तुला पाठीमागं 'डायरेक्टर' म्हणून शिव्या दिल्या. आता तोंडावर 'तू' म्हणून देईन. चालेल?"

मी म्हटलं, "चालेल. पण 'तू' म्हणून दिलेल्या शिवीला मीही 'तू' म्हणून उत्तर देणार."

"ते तू आधीपासूनच देत होतास," विताल म्हणाला, आणि इतका हशा झाला की खिडक्यांच्या काचा वाजल्या. आमच्याच बनावटीच्या, तरी वाजल्या. कॉफी झाली, वेलचीचे पाव झाले, आणि दुपारी तीनपर्यंत सगळा कारखाना एकमेकांना 'तू' म्हणत होता, पोरांनी नवी शिट्टी वाजवावी तसा.

मजेची गोष्ट आहे म्हणून लिहिली. पण एक शब्द माझ्या कानात अडकला. 'टायटलं बाजूला ठेवू.' सगळेच असं म्हणतात, मीही जन्मभर म्हणत आलो. पण त्या दिवशी तो नव्यानं ऐकल्यासारखा वाटला. आपली भाषा कंजूष आहे. पुस्तकाच्या कपाळावर असतं तेही टायटल आणि माणसाच्या कपाळावर असतं तेही टायटल. एकाच शब्दात दोघांचं भागवतो.

असो.

जुन्या आठवणी निघतात. दाग्नीबाईंनी आपल्याला ठेवलेली नावं आठवतात का? बाजारात कुणी "डायरेक्टर!" अशी हाक मारली की दोघंही एकदम वळायचो. संगीत-डायरेक्टर राजधानीत अकादमीची परीक्षा देऊन डायरेक्टर, आणि मी पाटीवर लिहून घेतलं म्हणून डायरेक्टर. दाग्नीबाई म्हणायच्या, "आपल्या चौकडीत दोन डायरेक्टर. एक वाजवणारे, एक ठोकणारे."

एक्कावन्न सालची झिंग्यांची मेजवानी आठवते का? ऑगस्ट होता, बागेत कागदी कंदील, सगळ्यांच्या डोक्यावर ती मूर्ख टोपी, आणि एबानं बडीशेप घालून उकडलेल्या झिंग्यांचा डोंगर. जेवण संपत आलं तेव्हा मी ग्लास उचलून संगीत-डायरेक्टरांकडे वळलो होतो. त्यांनीही उचलला होता. दोघांची नजर मिळाली होती. तेवढ्यात हादार मधे घुसला, आपला ग्लास माझ्या ग्लासवर आपटला आणि ओरडला, "ब्रेनलुंद! तुझ्या घोड्याच्या शेपटीखाली मी हात घातलाय, आता तरी आपण टायटलं सोडू! मी हादार!" सगळे टाळ्या वाजवू लागले. मी काय करणार, त्याच्याबरोबर प्यालो, आणि त्या घोटापासून आम्ही एकमेकांना 'तू'. नंतर पाहिलं तर संगीत-डायरेक्टरांनी ग्लास खाली ठेवलेला होता आणि ते झिंग्याची नांगी सोलत होते. मोठ्या काळजीनं सोलत होते.

त्यानंतर तो क्षण आला नाही. मला वाटायचं, त्यांनी म्हणायला हवं. ते शिकलेले, अकादमीचे. मी शाळा अर्धी सोडलेला. हुद्द्यानं मोठ्यानं पुढे व्हायचं असतं. आणि आता प्रथमच माझ्या मनात येतं, की कदाचित त्यांना वाटत असेल, ब्रेनलुंद वयानं मोठा, शिवाय त्याच्या कारखान्यात दीडशे माणसं. मी भाड्याच्या खोलीत राहणारा मास्तर. म्हणायला हवं त्यानं. दोघंही पायरीच्या खालीच उभे, आणि दोघांनाही वाटतं वरचा दुसरा आहे. असं झालेलं असेल तर आपल्या देशात ते पहिल्यांदाच झालं असं नव्हे.

तीस वर्षं मी संगीत-डायरेक्टरांशी असा बोलतो आहे, जणू ते शेजारच्या खोलीत बसलेत. "संगीत-डायरेक्टरांना आणखी सूप?" "संगीत-डायरेक्टरांची छत्री." समोरच्या माणसाला 'तुम्ही' म्हणावं तर आपल्याकडे ते ना घरचं ना दारचं; पोलीस म्हणतो, नाहीतर दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणतो. म्हणून सरळ बोलायला वाटच उरत नाही. माणूस टायटलला वळसा घालून घालून दमतो आणि शेवटी संगीत वाजवतो.

तिसऱ्या भागाचं व्हायोला मी घरी बसवतो आहे. काम फारसं नाहीच. सुरुवातीला दोन स्वर, खाली उतरणारे, मऊ. मग विराम. पुन्हा तेच दोन, जरा वरून. मग मोठा विराम. माझ्या कागदावर फक्त माझं असतं; इतर काय करतात ते मला दिसत नाही. मी दोन स्वर वाजवतो आणि थांबतो. खोली गप्प असते. मग वाटतं, काहीतरी यायला हवं होतं.

काल गुरुवार होता. हादार लवकर गेला, कुठल्यातरी गाईला वासरू होत होतं. दाग्नीबाई मागं राहिल्या. त्यांच्याशी थोडं बोलणं झालं. ते आज लिहीत नाही.

३ एप्रिलच्या पत्रिका छापून आल्या. कागद बरा आहे.

आपला,
अ. ब्रेनलुंद
डायरेक्टर


हेर्नेसान्द,
शुक्रवार, ८ मार्च १९६८

होल्गेर,

चष्मा पुसू नकोस. बरोबर वाचलंस.

इथं सगळं ठीक आहे, गुडघा आहे तिथंच आहे, बर्फ वितळून गावाचा चिखल झालाय. एवढ्यात कुशल संपलं.

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. पहिल्या दोन खेपांना हात सवयीनं 'मानाचे संगीत-डायरेक्टर' लिहून गेला आणि कागद शेगडीत गेला. कारखान्यात दीडशे लोकांशी 'तू' करायला मला दुपारसुद्धा लागली नाही. तुझ्याशी करायला आठवडे गेले.

दाग्नीबाईंचं ऐक. त्या गुरुवारी मी भांडी आवरत होतो आणि त्या टेबलाशी व्हायोलिन पुसत होत्या. मी सहज विचारल्यासारखं करून म्हटलं, "दाग्नीबाई, 'बिनटायटलचं' म्हणजे रचनेला नाव नाही एवढंच ना?"

त्यांनी व्हायोलिन खाली ठेवलं. "डायरेक्टर चेष्टा करतायत का?"

"नाही."

"म्हणजे डायरेक्टरांना त्या दिवशी कळलंच नव्हतं?"

"काय कळायचं होतं?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, चुकीच्या पत्त्याचं पाकीट हातात आल्यासारख्या. "देवा," म्हणाल्या, "आणि आम्हाला वाटलं डायरेक्टरांना सगळं कळलंय आणि त्यांनी मुद्दाम थट्टेवारी नेलं. होल्गेरला तर खात्रीच आहे. स्टेशनवर पोचवायला मी गेले होते, तेव्हा म्हणाला, 'मी विचारलं, त्यांनी चार माणसांत हसून नाही म्हटलं. टायटलशिवाय फाटकाबाहेर सोडत नाहीत ते.'"

मग त्या त्यांच्या पद्धतीनं म्हणाल्या, "अख्ख्या गावाची कुजबुज ऐकू येते. समोर बसलेला माणूस ओरडला तरी येत नाही. कान आहेत की बिजागऱ्या?"

बिजागऱ्या बऱ्या, त्या निदान वेळेवर कुरकुरतात.

म्हणजे तू नोव्हेंबरपासून हे धरून बसला आहेस, की तू हात पुढं केलास आणि मी तो हसण्यावारी झटकला. अशा विचारण्याला नकार दिलेली माणसं मला माहीत आहेत. ती पुढं एकाच चर्चमध्ये वेगळ्या बाकांवर म्हातारी झाली. तू ईस्तादला गेलास. मी असतो तर आणखी लांब गेलो असतो, पण त्यापुढं डेन्मार्क लागतं.

होल्गेर, मी नाही म्हटलेलं नाही. मला ऐकूच आलं नाही.

आता कळतंय ते सांगतो, चुकलं तर सांग. टायटलं सोडू का, हे विचारायचं वयानं मोठ्यानं, ही रीत. मी तुझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठा. तू रीत मोडणाऱ्यातला नाहीस. संगीतरचनेत समांतर पंचम टाळायचा नियमसुद्धा तू कधी मोडला नाहीस आणि विद्यार्थ्यांना मोडू दिला नाहीस. म्हणून तू असा भाग लिहिलास की ज्यात पहिला शब्द व्हायोलाचा. विचारणार मी. तू फक्त मला विचारायला जागा करून दिलीस, वर कपाळावर लिहून ठेवलंस कशाबद्दल ते, तेही इटालियनमध्ये नव्हे, मला समजेल अशा भाषेत. सगळं मांडून ठेवलेलं होतं. ग्लास भरलेला, खुर्ची ओढलेली. मला फक्त दोन स्वर वाजवायचे होते. आणि मी दारांवरच्या चिठ्ठ्यांवर भाषण केलं.

हे असं टपालातून म्हणणं रीतीला धरून नाही, मला माहीत आहे. उभं राहायला हवं, ग्लास हवा, नजरेला नजर हवी, पूर्ण नाव घ्यायला हवं. दाग्नीबाईंना विचारलं, भरलेला ग्लास टपालानं जाईल का? म्हणाल्या, "जाईल, पण पोचेल तेव्हा ईस्तादचा पोस्टमन सगळ्या गावाला 'तू' म्हणत असेल." तेव्हा हे पत्र म्हणजे मी ग्लास उचललाय एवढंच समज. तुझा अजून टेबलावरच आहे.

घाई का, ते सांगतो. वर्ष-दोन वर्षांत या देशात 'तू' फुकट होणार. बँकेतला पोरगा वाटत सुटलाय. कुणी कुणाला विचारणार नाही, कुणाला द्यावंही लागणार नाही, रस्त्यावरच्या बर्फासारखं सगळ्यांच्या पायाखाली असेल. त्यात वाईट काही नाही. माझ्या कामगारांना ते आवडलंय आणि मलाही. पण तुझं-माझं त्या ढिगातून यावं हे मला नको. जोवर हा शब्द विचारावा लागतो, तोवर मला तो तुला विचारायचाय.

आणखी एक, मग संपवतो. हादार मला 'तू' म्हणतो, पण 'ब्रेनलुंद, तू'. विताल तसंच. कारखाना आता 'तू डायरेक्टर' म्हणतो, ते तर विचारूच नकोस. मला नुसत्या नावानं हाक मारणारं माणूस सहा वर्षांपूर्वी गेलं. घरात त्या नावाचा आवाज कसा येतो ते मी विसरत चाललोय. कान चांगले असून काही उपयोग नसतो, ऐकायला कुणीतरी म्हणावं लागतं.

व्हायोलाचे कागद मी टपालानं पाठवणार नाही. पुठ्ठा मिळालाय. तो पहिल्या दिवसापासून होता. कागद मी स्वतः घेऊन येतो, व्हायोलासकट. मंगळवारी निघतो, गुरुवारी, १४ तारखेला, दुपारनंतर ईस्तादला पोचतो. एल्विराताईंना सांग, वाटाणे आदल्या रात्री भिजत घाला, आणि पॅनकेक झाल्याशिवाय कुणाला जाऊ द्यायचं नाही.

मी जन्मभर दुसऱ्यांसाठी दारं केली, दुसऱ्याच्या दारात उभं राहायची मला सवय नाही. तरी उभा राहीन. दार उघडून तू "डायरेक्टर" म्हणालास, तर कागद तुझ्या हातात देईन, टोपी उचलीन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. ते तू बांधून माळ्यावर ठेव. तीन एप्रिलला आम्ही बाहेरून कुणीतरी व्हायोलिनवाला आणून बेरवाल्ड वाजवू, उत्तरार्धात लोकांना कॉफी देऊ, आणि मी कधीही विषय काढणार नाही.

दुसरं काही म्हणालास, तर मी कोट काढीन. मग तुझं व्हायोलिन काढ, आणि आपण दोघंच तिसरा भाग सुरुवातीपासून वाजवू. माझे दोन स्वर आता पक्के झालेत, मऊ, खाली उतरणारे, घाई न करता. विरामात थांबायलाही शिकलोय. फक्त त्या विरामात तू काय लिहिलं आहेस, ते माझ्या कागदावर नाही.

ते ऐकायला येतोय.

अल्गोत